ग्वादालाहारातल्या त्या अर्ध्या दिवसाबद्दल

नमस्कार काका,

मेक्सिकोच्या सहलीला तुम्ही एकच स्टार दिलात. ‘ग्वादालाहारात अर्धा दिवस एका जुन्या अनाथाश्रमात भेसूर चित्रं बघण्यात गेला, हिचे गुडघे दुखले, तेवढ्यात टकीला गाव झालं असतं,’ असं लिहिलंत. सांगलीतली मंडळी हे वाचून पुढचं बुकिंग ठरवतात, म्हणून इथंच उत्तर देतोय.

आधी काकूंच्या गुडघ्यांचं. आमच्याकडं बहुतेक जण साठी ओलांडलेले असतात, आणि ओस्पिसिओ काबान्यास, म्हणजे तो जुना अनाथाश्रम, आम्ही घेतो ते त्यांच्यासाठीच. स्पॅनिश राजवटीत बिशप काबान्यास यांनी पोरकी मुलं, म्हातारी आणि आजारी माणसं यांच्यासाठी ही इमारत बांधायला घेतली. अशा माणसांना वावरायला सोपं जावं म्हणून जवळजवळ सगळं बांधकाम एकमजली आहे. याच सहलीत पिरॅमिडपाशी उन्हात चालावं लागलं ते याहून कितीतरी जास्त.

चित्रं भेसूर आहेत, हे खरंच. स्पॅनिशांनी तो देश कसा जिंकला, ते ओरोस्को या चित्रकारानं 1939 पर्यंत तिथल्या प्रार्थनागृहाच्या भिंतींवर आणि छतावर काढलं. तो देश जिंकणारा स्पॅनिश सेनापती कोर्तेस पोलादी यंत्रासारखा, घोडासुद्धा यंत्राचा. लुटलेल्यांच्या बाजूनं बघितलं तर दुसरं काय दिसणार? आणि या माणसाचा डावा हात तरुणपणीच स्फोटात गेलेला. परांचीवर चढून, ओल्या गिलाव्यावर, एका हातानं केलेलं काम आहे हे.

तुम्ही बाहेर चौकात थांबलात, म्हणून सांगतो. घुमटाखाली रुंद बाकं आहेत, त्यावर उताणं पडून वर बघायचं. ज्वाळांनी वेढलेला माणूस आपल्यापासून वर वर चाललाय, खालून तो असा काही आखडलेला दिसतो की घुमट आहे त्याहून खोल वाटतो. आपल्या ग्रुपमधल्या दोन आज्या तिथून उठायला तयार नव्हत्या. मेणवलीच्या वाड्यातली भित्तिचित्रं बघायला आपण मुद्दाम गाडी काढतो. इतक्या लांब जाऊन ही दहा मिनिटांत उरकायला माझं मन होत नाही. 1997 पासून ही वास्तू जागतिक वारशात आहे.

टकीला गाव तिथून साठेक किलोमीटर. जाऊन-येऊन, बघून अख्खा दिवस जातो, अर्ध्या दिवसात बसत नाही. सोमवारी काबान्यासचं संग्रहालय बंद असतं, तारखाही त्या हिशेबानं लावलेल्या असतात.

त्यामुळे हा अर्धा दिवस कार्यक्रमात राहणारच. ज्यांना चित्रं नकोत त्यांना पुढच्या ग्रुपपासून आमचा माणूस जवळच्या सान हुआन दे दिओस बाजारात नेईल. काकूंना घेऊन विश्रामबागेतल्या ऑफिसला या, त्या घुमटाचे फोटो दाखवतो.