'डॉक्टर समजावणार नाहीत ते शब्द' या फॉरवर्डला उत्तर

ब्लड कॅन्सरच्या शब्दांवरचं ते पाच मुद्द्यांचं फॉरवर्ड आमच्या फॅमिली ग्रुपवर नानांनी परत टाकलं, ही तिसरी वेळ. भाच्याला एएलएल (अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, ब्लड कॅन्सरचा एक प्रकार) झाला तेव्हा त्याची फाइल दोन वर्षं मीच सांभाळलीये, त्यामुळे आता गप्प बसवत नाही.

"अक्यूट म्हणजे नवीन झालेला, घाबरू नका. क्रॉनिक म्हणजे जुना, हाताबाहेर गेलेला." उलटंच आहे हो. इथे हे शब्द वेगाचे आहेत. अक्यूटमध्ये कच्च्या पेशी (रिपोर्टात ब्लास्ट लिहितात त्या) भराभर वाढतात, उपचार काही दिवसांतच सुरू करावे लागतात. क्रॉनिक सहसा हळू चालतो, सीएलएलच्या (क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया) कित्येक पेशंटना तर सुरुवातीला औषधच देत नाहीत, नुसतं दर काही महिन्यांनी तपासतात. आणि सीएमएलवर (क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, दुसरा क्रॉनिक प्रकार) २००१ पासून इमॅटिनिबची गोळी आहे, ती घेत माणसं वर्षानुवर्षं नोकरी-संसार करतायत.

"स्टेज सांगत नसतील तर चौथी समजा." स्टेज म्हणजे गाठ केवढी आणि कुठवर पसरली. रक्त मुळातच सगळीकडे फिरतं, त्याची कसली गाठ मोजणार? अक्यूट ल्युकेमियात वय, सुरुवातीचा पांढऱ्या पेशींचा काउंट, क्रोमोसोममधले बदल असं बघून रिस्क ठरवतात. सीएलएलला राय स्टेज असते, शून्य ते चार, पण तिथली चौथी म्हणजे प्लेटलेट एक लाखाच्या खाली गेल्यात.

आता सगळ्यात घातक मुद्दा. "रेमिशन म्हणजे कॅन्सर गेला, पुढची औषधं बिल वाढवायला." एएलएलमध्ये पहिल्या महिनाभराच्या औषधांनंतर बोन मॅरोत (हाडांच्या आत जिथे रक्त बनतं तिथे) ब्लास्ट पाच टक्क्यांच्या खाली आले आणि काउंट सुधारले की रेमिशन म्हणतात. पण निदानाच्या वेळी अंगात लाख कोटीच्या घरात कॅन्सरच्या पेशी असू शकतात, त्यामुळे मायक्रोस्कोपखाली मॅरो स्वच्छ दिसला तरी कोट्यवधी उरलेल्या असू शकतात. म्हणून एमआरडी (उरलेल्या कॅन्सर पेशी शोधणारी) टेस्ट करतात, ती दहा हजारांत एक पेशी असली तरी पकडते, आणि ती निगेटिव्ह आली तरी औषधं थांबत नाहीत, एकूण दोन ते तीन वर्षं चालतात. भाच्याला सिक्स-एमपीची गोळी रोज आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच होती (ही गोळी चुकून रोज दिली तर जीवावर बेतू शकतं), ताईनं कॅलेंडरवर प्रत्येक रविवारी लाल गोल करून ठेवला होता. त्याच काळात हे फॉरवर्ड वाचून एका नातेवाइकांनी तिला "आता कशाला पोराला विष देतेस" म्हणून ऐकवलं होतं.

"पांढऱ्या पेशी जास्त म्हणजे प्रतिकारशक्ती जास्त." ऐंशी हजार काउंट असला तरी त्यातल्या बहुतेक कच्च्या असतील तर लढणार कोण? बघायचा तो एएनसी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशींचा आकडा. टोटल काउंट २००० आणि न्यूट्रोफिल १० टक्के, तर एएनसी साधारण २००. केमो चालू असताना तो ५०० च्या खाली असेल आणि ताप १००.४ झाला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका, रात्रीच हॉस्पिटल गाठा.

"बोन मॅरो मणक्यातून काढतात, पाय लुळे पडतात." हा घोळ आपल्या भाषेनंच घातलाय असं मला वाटतं, अस्थिमज्जा आणि मज्जारज्जू, दोन्हीत मज्जा. बोन मॅरो बहुतेक वेळा कमरेच्या मागच्या हाडातून घेतात, तिथे मज्जारज्जू नाहीच. पाठीतून पाणी काढतात ती एलपी वेगळी, एएलएलच्या मुलांना तिच्यातूनच मेंदूपर्यंत पोचणारं औषध देतात, आणि तीसुद्धा मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली करतात.

नानांना हे सगळं फोनवर सांगितलं. ते म्हणाले, बरं, डिलीट करतो, आणि केलं पण, फक्त 'डिलीट फॉर मी' केलंय.