वॉरंटी उडाली म्हणजे नक्की काय उडालं?

विषय निघाला हेडलाइटवरून. "बाहेरचा बल्ब लावला की वॉरंटी उडते," असं कट्ट्यावर कुणीतरी सहज बोललं आणि बंड्या उखडला. गाड्यांना ॲक्सेसरी बसवणं हा त्याचा धंदा, वायरिंग हातचा मळ.

"उडते म्हणजे काय? अख्ख्या गाडीची? पुढचा बल्ब बदलला म्हणून मागचा शॉक ॲब्जॉर्बर गळायला लागला तर तोही नाही देणार?"

"देणार. द्यावाच लागेल," तात्या म्हणाले. तात्या वॉरंटी क्लेम तपासतात, त्यामुळे त्यांचं बोलणंही कलमं वाचल्यासारखं. "वॉरंटी म्हणजे एक अखंड कागद नव्हे रे. इंजिन-गिअरबॉक्सची मुदत वेगळी, गंजाची वेगळी. बॅटरी आणि टायरची बहुतेक वेळा ज्याच्या त्याच्या कंपनीकडे. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर ही झिजायचीच, त्यांना झिजेपुरती नसतेच. आणि गाडीची कंपनी हमी देते ती दोनच गोष्टींची: माल सदोष नाही आणि जोडणी चुकलेली नाही. तुझ्या बल्बमुळे जे जळलं ते या दोन्हींत बसत नाही. तेवढंच नाकारायचा हक्क आहे."

"मग लोक घाबरतात कशाला?"

"कारण 'तेवढंच' कुठे संपतं यावरच सगळं भांडण असतं," अण्णा म्हणाले. अण्णा इंजिनवाले, शक्यतो शेवटी बोलतात, आज मध्येच बोलले. "तुझाच बल्ब घे. हेडलाइटच्या एच-४ बल्बचा ५५ वॅटचा डिपर १२ व्होल्टवर साधारण साडेचार अँपिअर ओढतो. त्या जागी ९० वॅटचा लावला की साडेसात. वायर तापते करंटच्या वर्गाने, म्हणजे उष्णता जवळजवळ पावणेतीनपट. एका दिव्याला १० अँपिअरचा फ्यूज असेल तर तो साडेसातला ढिम्म हलत नाही. तापतो कोण? कनेक्टर. आधी प्लास्टिक पिवळं पडतं, मग तपकिरी, पिन ढिली होते, ढिली झाली की आणखी तापते आणि शेवटी सॉकेट बल्बला चिकटूनच बाहेर येतं. आता कनेक्टरचा क्लेम गेला, ठीक. पण त्याच लूममधली, म्हणजे वायरींच्या जुडग्यातली, शेजारची वायर वितळून दुसरंच काही बंद पडलं तर?"

"तेही गेलं," तात्या.

"म्हणून तर मी रिले लावतो, छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच!" बंड्या म्हणाला. "बॅटरीवरून जाड वायर, बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज, आणि गाडीचा मूळ सॉकेट फक्त रिलेच्या कॉइलला इशारा देतो. कॉइल ओढते दीड-दोनशे मिलीअँपिअर. गाडीच्या वायरिंगवर भारच नाही."

"जुन्या गाडीला उत्तम," तात्या म्हणाले. "नव्या गाडीत दिवा स्विचवर नसतो, बॉडी कंट्रोल मॉड्यूलवर असतो, म्हणजे दिवे वगैरे सांभाळणाऱ्या छोट्या संगणकावर. तो किती करंट जातोय ते मोजतो. साडेचार अँपिअरच्या जागी दोनशे मिली दिसले की म्हणतो बल्ब गेला, आणि दोषाचा कोड नोंदवून ठेवतो. काही गाड्यांत दिव्याला करंट सलग न देता तुकड्यातुकड्यांनी देतात, तिथे रिले नुसता तडतडतो. एलईडी बल्ब घातला तरी तीच तक्रार. मग करंट पुरेसा दिसावा म्हणून पोरं सहा ओहमचा रेझिस्टर टाकतात. चालू गाडीत १४ व्होल्टला तो बत्तीस-तेहतीस वॅट नुसते तापण्यात घालवतो. बंपरच्या प्लास्टिकला चिकटवलेला असा रेझिस्टर दिसला ना, की तपासणाऱ्याला पुढे फार शोधावं लागत नाही."

बंड्याने यावर मान डोलावली, पण निळ्या क्लिपचा विषय त्यानेच आपणहून काढला. वायर न सोलता टॅप मारायची ती क्लिप. तिचं पातं वायरच्या काही तारा कापतं, उरलेल्या तारांवर पाणी बसतं, वर्षभरात तांबं हिरवं होतं. दोष दिसतो कुठल्या तरी सेन्सरचा, मुळाशी असते क्लिप. "मी स्वतः ती वापरत नाही," तो म्हणाला. "फ्यूज बॉक्समध्ये फ्यूज टॅप, नाहीतर गाडीच्या कनेक्टरला जुळणारा तयार कपलर. एकही वायर कापायची नाही. काढला की गाडी होती तशी."

"आणि डॅशकॅम?" मी विचारलं.

"डॅशकॅमच्या बाबतीत वायर नाही, हिशोब चुकतो. गाडी बंद असताना मूळ गळती साधारण पन्नास मिलीअँपिअरच्या आत असावी. पार्किंग मोडमधल्या कॅमेऱ्याने अडीचशे खाल्ले तर दिवसाला सहा अँपिअर-अवर. ४५ अँपिअर-अवरची बॅटरी चार दिवसांत निम्म्याच्या खाली. असं चार-सहा वेळा झालं की प्लेटांवर सल्फेट बसतं, बॅटरी कायमची अशक्त. मग गिऱ्हाईक म्हणतं बॅटरी खराब दिली. व्होल्टेज कट-ऑफ असलेली किट घ्यायची आणि १२.२ व्होल्टच्या आसपास लावायची. कुणी ११.६ वर लावून ठेवतं, त्याला कट-ऑफ कशाला म्हणायचं?"

तोपर्यंत अण्णांना राहवेना. त्यांच्या मते वायरिंगचं भांडण निदान डोळ्यांना दिसतं. खरी गोम फिल्टर आणि ऑइलमध्ये.

"बाहेरचा ऑइल फिल्टर आट्यांना बसतो म्हणून लोक लावतात. आत दोन गोष्टी असतात. एक रबरी झडप, इंजिन बंद झाल्यावर ऑइल खाली उतरू न देणारी. ती कडक झाली की सकाळी पहिल्या स्टार्टला सेकंद-दोन सेकंद खडखडाट, कारण ऑइल वर पोचायचंय. दुसरी बायपास झडप. तिची स्प्रिंग हलकी असेल तर ती लवकर उघडते आणि न गाळलेलं ऑइल बेअरिंगला जातं. आकार सारखा म्हणजे फिल्टर सारखा, असं नाही. पण तोच फिल्टर बनवणाऱ्याकडून त्याच्या स्वतःच्या डब्यात घेतला, नंबर जुळवून, तर वॉरंटीवाल्याने काय बोलावं?"

"काही नाही," तात्या. "बिल दाखवा, पार्ट नंबर दाखवा, किती किलोमीटरला बदलला ते दाखवा."

"ऑइलचंही तेच. ५डब्ल्यू-३० हा आकडा फक्त पातळपणाचा. डिझेल गाडीला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असेल तर कमी राखेचं ऑइल लागतं. काजळी डीपीएफमध्ये जळून जाते, राख जळत नाही, साचत जाते. साधं ५डब्ल्यू-३० ओतून डीपीएफ वेळेआधी भरला तर कंपनी पहिलं ऑइलचंच बिल मागणार. टर्बो पेट्रोल डायरेक्ट इंजेक्शनला उलटी भानगड. चुकीच्या ॲडिटिव्हचं, जास्त कॅल्शियमचं ऑइल असेल तर कमी आरपीएमला पूर्ण दाबल्यावर स्पार्कच्या आधीच मिश्रण पेट घेतं आणि पिस्टनच्या दोन रिंगांमधली कड तुटते. त्यासाठी ऑइलचे एपीआय एसपीसारखे दर्जे आले. पुस्तिकेत जो दर्जा लिहिलाय तो डब्यावर असला पाहिजे, ब्रँड कुठला का असेना."

एअर फिल्टरवर अण्णा आणि बंड्या जुंपलेच. बंड्याचं म्हणणं, धुऊन वापरायच्या कॉटन फिल्टरने आजवर कुणाचं इंजिन गेलं? अण्णांचं म्हणणं, फिल्टरने नाही, फिल्टरवर जास्त ओतलेल्या तेलाने सेन्सर जातो. हवा मोजणारी तापलेली बारीक तार किंवा पट्टी असते, तिच्यावर तेलाचा थर बसला की ती हवा कमी मोजते, मिश्रण बिघडतं. "आणि फिल्टर खोक्यात नीट बसला नसेल तर तपासणारा पाइप काढून आतून बोट फिरवतो. बोटाला धूळ लागली की विषय संपला. रिंगा झिजल्या तर ऑइलच्या चाचणीत सिलिकॉनही वर दिसतं."

"पण बोटाला धूळ नाही लागली तर?" बंड्या.

"तर फिल्टर बाहेरचा आहे एवढ्यावर क्लेम नाकारता येत नाही," असं म्हणत वकीलभाऊ पहिल्यांदा बोलले. अमेरिकेत १९७५चा मॅग्नसन-मॉस कायदा आहे: आमच्याच ब्रँडचा पार्ट लावा नाहीतर वॉरंटी नाही, अशी अट घालता येत नाही, तो पार्ट फुकट दिला किंवा तिथल्या व्यापार आयोगाने सूट दिली तरच. भारतात २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने चौदा कार कंपन्यांविरुद्धच्या आदेशात हेच धरलं, की बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द अशी अट नको. सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच रद्द करा. "मात्र कुठलाच कायदा असं म्हणत नाही, की तुमच्या पार्टने केलेलं नुकसान कंपनीने भरावं. ते त्या पार्टवाल्याकडे मागायचं. आणि त्याची वॉरंटी वाचलीत तर पुष्कळदा फक्त पार्ट बदलून देण्याची असते. मजुरी नाही आणि पुढचं नुकसानही नाही."

रीमॅपवर, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनच्या संगणकातली (ईसीयूमधली) फाइल बदलण्यावर, मात्र चौघांचे चार सूर. तात्यांचं ठाम मत: सर्व्हिसला यायच्या आधी मूळ फाइल परत टाकली तरी फायदा नाही. अनेक ईसीयूंमध्ये किती वेळा लिहिलं गेलं त्याचा मोजदाद असतो, फाइलचा पडताळा क्रमांक कंपनीकडच्या क्रमांकाशी जुळवता येतो. बाहेरून लावायचा ट्यूनिंगचा डबा ईसीयूला रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरकडे जाणाऱ्या इंधनाचा दाब, खोटाच कमी दाखवतो, मग ईसीयू पंपाकडून आणखी दाब मागतो. डबा काढला तरी पंप आणि इंजेक्टर सोसलेलं विसरत नाहीत.

"मान्य, पण रीमॅप आहे म्हणून गिअरबॉक्सचा प्रत्येक क्लेम उडवायचा?" अण्णा म्हणाले. "तुटलेला दात हातात घ्या ना. थकव्याने तुटला असेल तर तुटीवर शिंपल्यासारख्या रेषा दिसतात, एका बाजूने सुरू होऊन सरकत गेलेल्या. एकाच झटक्यात तुटला असेल तर सगळी तूट खरबरीत, दाणेदार. रेषा ज्या जागी सुरू होतात तिथे धातूत मूळचाच दोष असेल तर टॉर्क वाढवला काय, न वाढवला काय, तो दात जाणारच होता."

"आणि टॉर्क वाढवल्यामुळे थकवा लवकर आला, असं मी म्हणालो तर?"

"तर ते तुम्ही सिद्ध करा."

"ज्याने गाडीची मर्यादा ओलांडली त्याने का नाही?"

यावर तोडगा निघाला नाही. माझ्या मते दोघंही अर्धे बरोबर: रीमॅप केल्यावर क्लच, टर्बो, गिअरबॉक्स यांच्यावर हक्क सांगायला जीभ रेटली नाही पाहिजे, पण काचेची मोटर किंवा एसीचा कंडेन्सर त्याच कारणाने नाकारणं हा निव्वळ दांडगेपणा.

चाकांचा विषय बंड्यानेच आटोपता घेतला. १८५/६५ आर १५ मापाच्या टायरचा व्यास ६२१.५ मिलिमीटर, २०५/५५ आर १६ चा ६३१.९, फरक पावणेदोन टक्क्यांच्या आत, चालून जातं. २०५/६५ आर १५ घातला तर सव्वाचार टक्के, म्हणजे आधी काटा आणि वेग जुळत असतील तर शंभर दिसताना गाडी एकशे चारने जाते. त्याहून वाईट ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यापासून हबला टेकणारी बाजू किती मिलिमीटर दूर (ईटी) ते: ईटी ४५ च्या जागी ईटी २५ चं रिम म्हणजे चाक २० मिलिमीटर बाहेर, हब बेअरिंगवर तिरका भार. गुणगुणणाऱ्या बेअरिंगचा क्लेम मग विसरायचा. सीट कव्हरचं एकच सांगितलं: सीटच्या कुशीत एअरबॅग असेल तर त्या बाजूची शिवण फाटणारी हवी, नाहीतर एअरबॅग कापडातच कोंडते.

"आणि शोरूममध्येच बसवून घेतलं असेल तर निर्धास्त?" मी.

तात्या हसले. "इथेच सगळे फसतात. शोरूमने बसवलं म्हणजे कंपनीने दिलं असं नव्हे. बिलावर कंपनीचा ॲक्सेसरी नंबर असेल तर ते कंपनीचं. नुसतं 'फॉग लॅम्प सेट' लिहिलं असेल तर जबाबदारी शोरूमची. गाडी ताब्यात घ्यायच्या दिवशीच नंबर लिहून घ्यायचा."

मग बंड्याने विचारलं, क्लेमला जाताना बाहेरचे पार्ट काढून जावं का. तात्या नको म्हणाले. बोल्टवरची कारखान्याची रंगाची खूण तुटलेली दिसते, क्लिपचे दात पांढरे पडलेले दिसतात, आणि एकदा लपवल्याचं कळलं की उरलेल्या खऱ्या गोष्टींवरही कुणी विश्वास ठेवत नाही. मूळ पार्ट मात्र खोक्यात जपून ठेवायचे. त्यांनी आणखी सांगितलं: नकार तोंडी घ्यायचा नाही. कुठला पार्ट, त्याने नेमकं काय बिघडवलं, कुठलं कलम, हे लेखी मागायचं. कोड आणि त्या क्षणीचा नोंदलेला डेटा छापून घ्यायचा. मोडलेला पार्ट भंगारात जाऊ द्यायचा नाही.

"आणि जॉब कार्ड?" वकीलभाऊंनी आठवण केली.

"हो, इंजिन उघडायच्या आधी जॉब कार्डवर दोन ओळी हव्यात. उघडण्याची मजुरी दोष कंपनीचा निघाला तर कोण देणार, नाही निघाला तर कोण. आणि उघडताना मालक किंवा त्याचा माणूस हजर राहील. एरवी लोक सही करतात 'तपासणीचा खर्च ग्राहकाकडे' या छापील ओळीखाली, मग क्लेम नाकारला गेला की सुटं इंजिन परत जोडून घ्यायचे पैसेही त्यांच्याच माथी."

बंड्याने तेवढ्यात मोबाइलवर दोन्ही ओळी टिपून घेतल्या.