ओसाकाची एटीकेटी

१९ नोव्हेंबर २०२३ हा रविवार होता. दिवाळी होऊन आठवडा उलटला होता, चिवड्याच्या डब्यात तळाचा चुरा आणि खोबऱ्याचे दोन काप उरले होते आणि दुपारी दोन वाजता अहमदाबादेत क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना सुरू होणार होता. अशा दिवशी दादरच्या कोणत्याही घरात दुसऱ्या खेळाचे नाव काढणे हे कुलाचाराला सोडून असते. सुट्टीला आलेल्या माझ्या भाचीने ते नाव नेमके सकाळच्या चहाबरोबर काढले.

"मामा, आज ओसाकाला रग्बी सेव्हन्सचं, म्हणजे सात-सात जणांच्या रग्बीचं, आशियाई क्वालिफायिंग संपतंय. पॅरिस ऑलिंपिकसाठी. तुला सिस्टीम माहीत आहे ना?"

"अर्थात," मी म्हणालो. या एका शब्दाची शिक्षा मी पुढे आठ महिने भोगली.

भाची शाळेपासून रग्बी खेळते. ती घरी येते तेव्हा तिच्या गुडघ्यांवरून आदल्या दिवशीचे मैदान कोरडे होते की ओले, हे सांगता येते. माझ्या या 'अर्थात'वर तिचा विश्वास बसला नाही, परंतु माझे सासरे अप्पा यांचा बसला. ते अंतिम सामना आमच्या मोठ्या टीव्हीवर पाहण्यासाठी सकाळपासूनच येऊन बसले होते आणि दोन वाजेपर्यंत त्यांना काही उद्योग नव्हता. "जावईबापू, सांगा की समजावून," असे म्हणून त्यांनी चष्मा पुसायला घेतला. अप्पांनी चष्मा पुसायला घेतला की समोरच्याची तोंडी परीक्षा सुरू होते, हे मला लग्नाच्या बोलणीपासून ठाऊक आहे.

मी भाचीकडे पाहिले. तिने दया येऊन सूत्रे हाती घेतली आणि ऑलिंपिकमध्ये बाराच संघ असतात, इथपासून सुरुवात केली. एक जागा यजमान फ्रान्सची. चार जागा वर्षभराच्या जागतिक मालिकेतल्या पहिल्या चार संघांना. सहा जागा सहा विभागांना, म्हणजे आफ्रिका, आशिया, युरोप, उत्तर अमेरिका, दक्षिण अमेरिका आणि ओशनिया यांना प्रत्येकी एक. उरलेली बारावी जागा रिपेशाजमधून, म्हणजे विभागात हुकलेल्या संघांना एकत्र आणून त्यांच्यात पुन्हा लावलेल्या स्पर्धेतून. यजमान आधीच पहिल्या चारांत आला तर काय, असा प्रश्न अप्पांनी विचारला आणि माझे डोके भणभणायला लागले.

आणि मग एकदम उजेड पडला. हे सगळे मी त्याच वर्षी जून ते ऑगस्ट या काळात भोगलेले होते! भाचीचा अकरावीचा ऑनलाइन प्रवेश. पहिली यादी, दुसरी यादी, तिसरी यादी, विशेष फेरी, प्राधान्यक्रमात भरलेली दहा महाविद्यालये आणि रात्री उशिरा पुन्हापुन्हा उघडून पाहिलेले तेच पान. "अप्पा," मी म्हणालो, "जागतिक मालिकेतले चार म्हणजे मेरिट. यजमान म्हणजे इन-हाउस कोटा. ओसाका म्हणजे आपल्या विभागाची यादी, तीत नाव लागणार एकाचेच. आणि रिपेशाज म्हणजे एटीकेटी."

अप्पांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. हा उत्तीर्णतेचा शेरा होता. इन-हाउस कोटा हा शब्द आमच्याकडे जपून उच्चारावा लागतो, कारण भाचीला तिच्या शाळेच्याच संस्थेच्या महाविद्यालयात त्या कोट्यातून घराजवळ जागा मिळत असताना माझ्या बहिणीने ती तत्त्वासाठी नाकारली होती. "कोट्यातून काय जायचं? मेरिटनं जाईल माझी मुलगी," असे ती बाणेदारपणे म्हणाली. मुलगी मेरिटनेच गेली, तिसऱ्या यादीत, रोज दोन गाड्या बदलून.

एवढ्यावर थांबलो असतो तर निभावले असते. परंतु अप्पांना आता खेळही समजून घ्यायचा होता. सात खेळाडू म्हटल्यावर त्यांनी ताबडतोब त्याची कबड्डी करून टाकली. तरुणपणी ते परळच्या मैदानांवर खेळलेले. घोट्याची पकड हा त्यांचा हातखंडा होता, असे ते सांगतात आणि त्याला साक्षीदार आता कोणी उरलेला नाही. रग्बीतही पकड असते, मात्र खांद्याच्या वर हात घातला तर शिक्षा होते, हे त्यांना पटले. "पण दम कुठे घेतात?" या प्रश्नावर भाची म्हणाली, "कुठेच नाही, आजोबा. सात मिनिटांचा हाफ असतो, दम घ्यायला वेळच नसतो." मध्यंतर दोन मिनिटांचे. म्हणजे गॅसवर आधण ठेवून पाहायला बसावे, तर चहा गाळेपर्यंत निम्मा सामना संपलेला असतो.

मैदान मात्र पंधरा जणांच्या रग्बीचेच, पूर्ण आकाराचे. शंभर मीटर लांब, सत्तर मीटर रुंद. हे ऐकल्यावर अप्पांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर गुणाकार मांडला. सात हजार चौरस मीटर म्हणजे साधारण पंचाहत्तर हजार चौरस फूट. भागिले चौदा. "माणशी पाच हजार तीनशे चौरस फूट!" ते हलक्या आवाजात म्हणाले. त्यांचे अख्खे आयुष्य तीनशे वीस फुटांत गेले आहे. दोन्ही टोकांना ट्राय करण्यासाठी, म्हणजे चेंडू जमिनीला टेकवून गुण मिळवण्यासाठी, जी जास्तीची इन-गोल पट्टी असते, ती यात धरलेली नाही, असे भाचीने सांगितले, तेव्हा "ती कार्पेटमध्ये येत नसणार" अशी त्यांनी स्वतःचीच समजूत घातली. त्यानंतर बराच वेळ या खेळाविषयी ते आदराने बोलत होते.

प्रात्यक्षिक न करता भागले असते, परंतु भाचीने लक्ष्मीपूजनाचा असोला नारळ उचलला. रग्बीत हाताने चेंडू पुढे फेकता येत नाही, फक्त मागे किंवा आडवा द्यायचा, आणि धावायचे मात्र पुढे. 'पुढे चला, पुढे चला' असे बेस्टच्या कंडक्टरकडून आयुष्यभर ऐकत आलेल्या माझ्यासारख्या माणसाला हे जमणे शक्य नव्हते. मी धावलो पुढे, पाहिले मागे आणि नारळ दिला चिवड्याच्या डब्याला. अप्पांनी "नॉक-ऑन!", म्हणजे चेंडू हातून पुढे निसटला, असा निर्णय दिला. हा शब्द ते पाच मिनिटांपूर्वी शिकले होते. बायकोने निर्णय दिला नाही, केरसुणी दिली.

चुरा भरता भरता मला इतिहासही ऐकावा लागला. हा सात जणांचा खेळ १८८३ मध्ये स्कॉटलंडमधल्या मेलरोज गावी क्लबसाठी पैसे उभे करताना सुरू झाला आणि कल्पना होती नेड हेग नावाच्या खाटकाची. ऑलिंपिकमध्ये तो २०१६ साली रिओत आला. तिथे फिजीने ब्रिटनला ४३-७ असे धुतले, देशाच्या इतिहासातले पहिलेच पदक मिळवले आणि पुढच्या वर्षी त्या आनंदात चक्क सात डॉलरची नोट काढली. "सात डॉलरची?" अप्पा अस्वस्थ झाले. "सुट्ट्यांचं काय करत असतील?"

दोन वाजता जपान, हाँगकाँग, फिजी सगळे विसरले गेले. लागोपाठ दहा सामने जिंकून आलेला आपला संघ हरण्याचा प्रश्नच नव्हता. वानखेडेवरच्या उपान्त्य सामन्याला जो जिथे बसला होता, त्याने तिथेच बसायचे, असा अप्पांचा हुकूम होता, म्हणून मला पाटावर बसावे लागले. भाची कोपऱ्यात मोबाईल घेऊन बसली. मधल्या षटकांत आपल्या फलंदाजांना चौकार म्हणजे काय याचा विसर पडला, घरात झोपलेल्या बाळाच्या पाळण्यापाशी असते तशी शांतता पसरली, आणि त्या शांततेत ती एकाएकी "ट्राय!" असे किंचाळली. पुढच्याच षटकात कोहलीच्या बॅटची कड लागून चेंडू यष्ट्यांवर गेला. कोणीही काही बोलले नाही. सगळ्यांनी फक्त कोपऱ्याकडे पाहिले.

"अगं, निदान चालू सामन्यात तरी ओरडायचंस," मी म्हणालो, कारण ती संपलेल्या सामन्याची चित्रफीत दुसऱ्यांदा पाहत होती.

२४० धावा झाल्या. ऑस्ट्रेलियाने त्या सहा गडी राखून काढल्या. टीव्ही बंद झाल्यावर खोलीत एकच माणूस बोलण्याच्या स्थितीत होते. ओसाकात पुरुषांत आणि महिलांत दोन्हीकडे जपानच जिंकला, असे भाचीने सांगितले. हाँगकाँगचे मुलगे आणि चीनच्या मुली अंतिम फेरीत हरल्या, पण त्यांना अजून रिपेशाज आहे. अप्पा बराच वेळ काळ्या पडद्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "यात नाही का गं, एटीकेटी?"

"नाही, आजोबा."

त्यांनी चपला घातल्या आणि ते न जेवता घरी गेले.

त्यानंतर अप्पांनी क्रिकेटशी काही महिने अबोला धरला आणि ती जागा एटीकेटीला दिली. जून २०२४ मध्ये मोनॅकोत रिपेशाज झाले. त्या रात्री उशिरा माझा फोन वाजला. अशा वेळी फोन वाजला की मनात जे येते, तेच माझ्याही मनात आले. "जावईबापू, चीनच्या पोरी सुटल्या!" पलीकडून अप्पा म्हणाले. पुरुषांत दक्षिण आफ्रिका सुटली, जी आफ्रिका विभागात केनियाकडून हरली होती. मी अभिनंदन केले. कोणाचे, ते मला आजही सांगता येणार नाही.

जुलैच्या अखेरीस पुन्हा फोन आला. पॅरिसमध्ये फ्रान्सने फिजीला २८-७ असे हरवून सुवर्णपदक घेतले होते आणि दक्षिण आफ्रिकेने कांस्य. अप्पांचा आवाज कापत होता. "इन-हाउस कोटा पहिला," ते म्हणाले, "मेरिट दुसरं, आणि एटीकेटी तिसरी." मग थोडे थांबून, आवाज खाली आणून त्यांनी जोडले, "तुमच्या बहिणीला मात्र यातलं काही सांगू नका."