ड्रॉइंग आहे ना, मग वाकलेले तुकडे कशाला? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

दादा, ब्लूबर्डच्या पोस्टवर तुम्ही एवढी मोठी कमेंट लिहिलीत, तिला दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही म्हणून इथे सविस्तर लिहितोय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की पाण्यावरच्या वेगाचे विक्रम करणाऱ्या डोनाल्ड कॅम्पबेलच्या जेट बोटीचे, ब्लूबर्ड के७ चे, तळ्यातून काढलेले तुकडे तपासत आणि सरळ करत बसण्यापेक्षा ड्रॉइंगवरून स्टिअरिंग नवीनच बनवावं, सरळ केलेला तुकडा धड जुना राहत नाही आणि धड नवा होत नाही, आणि ज्या बोटीत माणूस गेला ती परत पाण्यात सोडणंच चूक. शिवाय मराठी ब्लॉगवर हे सगळं कशाला, असंही विचारलंत.

आधी ड्रॉइंगचं बोलू. कुठल्या सालचं ड्रॉइंग? केन आणि लू नॉरिस या भावांनी डिझाइन केलेली ही बोट १९५५ मध्ये इंग्लंडमधल्या उल्सवॉटर तळ्यावर ताशी २०२ मैलांनी पळाली आणि १९६४ च्या ३१ डिसेंबरला ऑस्ट्रेलियात डम्बलयंग तळ्यावर २७६.३३ मैलांनी, आणि या दरम्यान तिच्यात सतत काही ना काही बदलत होतं. १९६६ मध्ये तर जुनं बेरिल जेट इंजिन काढून ऑर्फियस हे दुसरं जेट इंजिन बसवलं, मागे उभा फिन लावला, मग इंग्लंडमधल्याच कोनिस्टन तळ्यावर बोट वेगात वर उचलून पाण्यावरून धावेचना म्हणून आधी मागे वाळूच्या पिशव्या ठेवून बघितल्या आणि नंतर शिसं बसवलं. काठावर थंडीत उभं राहून केलेली असली कामं दरवेळी ड्रॉइंगवर चढतातच असं नाही. धातूवर मात्र चढतात.

आता स्टिअरिंगच घ्या. कॉकपिट पुढे, त्याच्या मागे इंजिन आणि सुकाणू पार शेपटीला, म्हणजे चाकाची हालचाल साधारण २६ फुटी बोटीच्या जवळजवळ पूर्ण लांबीतून मागे न्यायची. वेगात ही बोट फक्त तीन छोट्या जागांवर पाण्याला टेकते, पुढचे दोन फ्लोट आणि मागे एक टोक, त्यामुळे चाक जरा जास्त फिरलं किंवा जोडणीत थोडा प्ले, म्हणजे ढिलेपणा, असला तरी काय होईल ते तुम्हाला सांगायची गरज नाही. अशा कुठल्याही लिंकेजमधल्या, म्हणजे चाक आणि सुकाणू जोडणाऱ्या साखळीतल्या, रॉडचं टोक हातात घेऊन बघा. आट्यांवर रॉडची लांबी पक्की धरून ठेवणारा एक लॉकनट असतो. नटच्या एका बाजूचे आटे वर्षानुवर्षं उघडे राहून काळे पडलेले असतात, आतले जे झाकलेले होते ते स्वच्छ निघतात, आणि ती सीमा मोजली की रॉड शेवटी किती लांबीवर सेट केला होता ते कळतं, म्हणजेच चाक सरळ असताना सुकाणू कुठे होतं ते कळतं. ड्रॉइंगमध्ये रॉडची लांबी मिळेल, पण शेवटच्या दिवशीचं सेटिंग नाही मिळणार. आणि तुम्ही म्हणता तसं तो रॉड भंगारात टाकून नवा केला तर ही माहिती कायमची गेली.

दुसरं म्हणजे वाकणं सगळं एकाच घावाचं नसतं. ४ जानेवारी १९६७ ला कोनिस्टनवर विक्रमाच्या प्रयत्नात कॅम्पबेलच्या दुसऱ्या फेरीत वेग ३२८ मैलांपर्यंत गेला, बोटीचं नाक वर उठलं, ती हवेत उलटी फिरली आणि पाण्यावर आपटली. २००१ मध्ये बिल स्मिथ आणि त्यांच्या डायव्हर मंडळींनी तिला सुमारे दीडशे फुटांवरून वर काढल्यावर अवशेषांवरून दिसलं की मार डावीकडून उजवीकडे बसला आणि त्यानेच पुढचा सगळा भाग उडवून नेला. म्हणून एखादी नळी उजवीकडे दुमडलेली असेल तर ती त्या आपटण्याने दुमडली असं धरता येतं, पण उलट्या दिशेने वाकलेली असेल तर थांबून विचार करावा लागतो, की हे आधीचं का, तळाशी गेल्यावरचं, की वर काढताना झालेलं? तुटलेली कडाही असंच सांगते. एका दणक्यात तुटलेला धातू ओढला गेलेला आणि खडबडीत दिसतो, तर हळूहळू चिरत गेलेल्यावर लाटांसारख्या बारीक रेघा असतात. त्या रेघा सापडल्या तर तो भाग अपघाताआधीच थकलेला होता. आणि हे सगळं सरळ करायच्या *आधी* बघायचं, फोटो काढायचे, मोजायचं. हातोडा उचलला की पुरावा संपला. माझा सगळा मुद्दा एवढाच आहे.

तुम्ही असंही लिहिलंत की बोट स्टिअरिंगमुळे उलटलीच नाही, मग त्याचं एवढं काय. उलटली नाकाच्या उचलण्याने हे अगदी खरं, सुकाणूने नाक खाली येत नाही. पण रेडिओवरचं कॅम्पबेलचं शेवटचं बोलणं वाचा, तो ट्रॅकवर सरळ येतोय म्हणतो, मग बोट जोरजोरात आपटतेय म्हणतो, पुढचं काही दिसत नाही म्हणतो. म्हणजे हा माणूस तोवर बोट हाताने रेषेत ठेवत होता! ज्या लिंकेजमधून तो ते करत होता ते नीट समजून घेणं मला तरी बिनकामाचं वाटत नाही. शिवाय इंजिनाच्या लाइनमध्ये इंधन मिळालं म्हणून इंधन संपल्याचा तर्क बाद झाला, तोही अवशेष बघितल्यामुळेच.

पुन्हा पाण्यात सोडण्याबद्दल मतं वेगळी असू शकतात, मान्य. पण अवशेष कोनिस्टनच्या रस्किन म्युझियमला दिले ते खुद्द त्याच्या मुलीने, जीना कॅम्पबेलने, आणि २०१८ मध्ये स्कॉटलंडच्या लॉक फॅड तळ्यावर दुरुस्त केलेली बोट पुन्हा पाण्यावर उचलली तेव्हा रेकॉर्ड वगैरे करायचा कुणाचा विचारच नव्हता. तुमच्यासारखा आक्षेप तिकडेही जाणत्या लोकांनी घेतला होता, त्यामुळे तो हलका आहे असं मी म्हणणार नाही.

मराठी ब्लॉगवर कशाला, तर ऑर्फियस हे नाव आपल्याला परकं नाही. आपल्या हवाई दलाच्या नॅट विमानात हेच इंजिन होतं, १९७१ मध्ये श्रीनगरवर फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों जे नॅट घेऊन लढले त्यातही. आणि तसंही, चांगलं मशीन कुठल्या देशाचं आहे हे बघून मी लिहीत नाही.

एका ठिकाणी मात्र मी तुमच्या बाजूने आहे. सुकाणूसारख्या जिवावरच्या भागात चीर गेलेली जुनी नळी केवळ 'ओरिजिनल' म्हणून परत लोडवर घालायची नाही. डाय टेस्टमध्ये (रंग लावून चीर शोधायच्या चाचणीत) रेघ उमटली की तिथे नवा भाग करायचा, त्यावर नवा असल्याची खूण ठेवायची आणि जुना लेबल लावून बाजूला जपायचा. जिथे हे कुणी करत नाही तिथे तुमची टीका जशीच्या तशी लागू आहे, आणि तसं उदाहरण तुमच्या बघण्यात असेल तर खाली नक्की लिहा, त्यावर वेगळी पोस्ट करू.