नाताळ आणि दान : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार,

नाताळच्या दिवशीचं दानार्पण गरजूंसाठी कसं वापरावं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया लक्षपूर्वक वाचली. नाताळ म्हणजे तारणाऱ्याचा जन्म, आणि मी माझ्या लेखात त्याचं निव्वळ समाजकार्य करून टाकलं, हा तुमचा मुख्य आक्षेप. गरजूंना अन्नवस्त्र कुणीही देतो, त्यासाठी ख्रिस्त कशाला हवा, असंही तुम्ही विचारलंत. आणि वर्षातून एकदा केलेलं दान हा देखावा असतो, असं शेवटी म्हटलंत.

तारणाऱ्याचा जन्म हे मलाही तितकंच मान्य आहे. पण तो कसा आला, हेही शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधलं येशूचं चरित्र, आवर्जून सांगतं. उतरायला जागा नाही, बाळ गव्हाणीत, आणि पहिली बातमी रात्री रानात कळप राखणाऱ्या मेंढपाळांना. लूकने लिहिलेल्या शुभवर्तमानाच्या त्याच दुसऱ्या अध्यायात पुढे आणखी एक तपशील आहे आणि त्याच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. मरीया आणि योसेफ बाळाला घेऊन मंदिरात जातात, तेव्हा अर्पण म्हणून होल्यांचा जोडा किंवा पारव्याची दोन पिल्लं यांचा उल्लेख येतो. जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाच्या १२ व्या अध्यायात नियम आहे : बाळंतिणीने होमार्पणासाठी कोकरू आणावं, ऐपत नसेल तर दोन पक्षी चालतील. म्हणजे देवाचा पुत्र ज्या घरात जन्माला आला, त्या घराची कोकरू आणण्याचीही ऐपत नव्हती. आणखी एक शुभवर्तमानकार मत्तय तर पुढे सांगतो की बाळाच्या जिवावर उठलेल्या हेरोद राजाच्या भीतीने त्या कुटुंबाला रातोरात मिसर देशात पळून जावं लागलं.

आता प्रेषित पौलाकडे या. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या ८ व्या अध्यायात तो म्हणतो की प्रभू येशू धनवान असून तुमच्यासाठी दरिद्री झाला, यासाठी की त्याच्या दारिद्र्याने तुम्ही धनवान व्हावं. देहधारणाचं, म्हणजे देव माणूस होऊन आला याचं, सगळं मर्म या एका वाक्यात आहे. आणि पौल ते कुठे लिहितो? यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी गोळा करताना! तुम्ही ज्या दोन गोष्टी वेगळ्या काढता, त्या त्याने एका दमात सांगितल्या आहेत. दानाने तारण विकत मिळतं असं तो म्हणत नाही, मीही म्हणत नाही. उलट, मी हे आज्ञा म्हणून सांगत नाही, असं तो आदल्याच वचनात स्पष्ट करतो. ज्याला फुकट मिळालं, त्याचा हात आपोआप सैल व्हावा, एवढीच त्याची अपेक्षा.

कुणीही देतो, हे खरं आहे, आणि त्याबद्दल मी देवाचे आभारच मानतो. ख्रिस्ती माणसाला वेगळं काही कळलेलं असेल, तर ते घेणारा कोण आहे हे. मत्तय २५ मध्ये राजा, म्हणजे ख्रिस्त, म्हणतो, मी भुकेला होतो, उघडा होतो, तुरुंगात होतो; या लहानांपैकी एकासाठी जे केलंत, ते माझ्यासाठीच केलंत. चौथ्या शतकात, २५ डिसेंबरचा सण अंत्युखिया या प्राचीन शहरात अजून नवा होता, त्या काळात तिथला उपदेशक योहान ख्रिसोस्तोम मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाला, बजावत होता की मंदिरात ख्रिस्ताचा रेशमी वस्त्रांनी मान करून बाहेर त्यालाच थंडीत उघडा सोडू नका. त्याला उपासना कमी करायची नव्हती. ती दाराशी संपू नये, एवढंच त्याला हवं होतं.

देखाव्याबद्दल मात्र तुमच्याशी पूर्ण सहमत. कांबळं हातात देताना घेणाऱ्याचा फोटो काढला जातो, तेव्हा मलाही वाईट वाटतं. त्या माणसाला नकार द्यायचीही सोय नसते. येशूने तर वाटपापेक्षा अवघड गोष्ट सांगितली आहे. लूक १४ मध्ये तो म्हणतो, मेजवानी देशील तेव्हा परतफेड करू न शकणाऱ्यांना बोलाव. बोलवायचं म्हणजे शेजारी बसवायचं, नाव विचारायचं, त्याचं ऐकून घ्यायचं. ते एका दिवसात उरकत नाही, आणि तुमच्या आक्षेपाला माझ्याकडे असलेलं उत्तरही हेच आहे : नाताळला सुरुवात करा, पण जानेवारीत त्या घरी पुन्हा जा.

उपासनेचा वेळ कमी करा, असं मी लेखात कुठेही म्हटलेलं नाही. नाताळच्या दिवशीचं दानार्पण कुणासाठी वापरायचं, हे मंडळीने आधी बसून ठरवावं, आणि ज्यांच्यासाठी ते आहे त्यांनाही त्या बैठकीत बोलवावं, एवढीच माझी सूचना होती. ती अजूनही कायम आहे.