अर्जुनाचा नकार तिसऱ्या पायरीवर नाहीये

गेल्या रविवारी भाचीनं तिच्या शॉर्ट फिल्मचा नवा ड्राफ्ट पाठवला आणि वाचून माझा जीव कळवळला. आधीच्या ड्राफ्टमध्ये राजापूरकडची एक म्हातारी होती. धाकटा दीर घर विकायला निघालाय, सहीसाठी घरातली माणसं एकेक करून येतात, ती कुणालाच नाही म्हणत नाही, पान वाढते, अजून आमटी हवी का विचारते, आणि कागद तसाच फडताळात राहतो. वीस मिनिटं, एक घर, एक बाई. नव्या ड्राफ्टमध्ये तीच म्हातारी एसटीनं मुंबईला निघालीय, तिथं तिला मार्गदर्शक म्हणून एक रिक्षावाला भेटतो, ती वकिलाशी भांडते आणि कागद रद्द करून गावी परत येते. फोन केला तर म्हणते, "मावशी, आधीच्यात हीरोज जर्नीच नव्हती गं." म्हणजे नायक घर सोडून निघतो, संकटं झेलतो, बदलतो आणि काहीतरी मिळवून परत येतो, हा पटकथेचा ठरलेला साचा. आणि मग तिनं तो मेसेज फॉरवर्ड केला, जो मला नंतर आणखी दोन ग्रुपवर दिसला.

मेसेज थोडक्यात असा: पुराणकथांचा अमेरिकन अभ्यासक जोसेफ कॅम्पबेल, त्यानं सांगितलेल्या या प्रवासाच्या 12 पायऱ्या म्हणजे आपल्या महाभारताचीच रचना, हॉलीवूडनं ती चोरली. अर्जुन हा तिचा परफेक्ट नमुना, गीतेच्या सुरुवातीचा त्याचा नकार म्हणजे तिसरी पायरी, जिथे नायक आधी निघायलाच नाही म्हणतो. भरतमुनींनीही हेच लिहून ठेवलंय. पायऱ्या पाळल्या की सिनेमा चालतोच. आणि नायक घर सोडून निघत नसेल, शेवटी बदलत नसेल तर ती गोष्टच नाही, मग नायक पुरुष असो की बाई.

आधी 12 चा आकडा. कॅम्पबेलचं पुस्तक 1949 चं आणि त्यात टप्पे 17 आहेत. 12 पायऱ्या ख्रिस्तोफर व्होगलरच्या. हा माणूस 80 च्या दशकात डिस्नेसाठी स्क्रिप्टं वाचायचा, त्यानं कॅम्पबेलचं सार सात पानांच्या मेमोत लिहिलं आणि 1992 मध्ये त्याचं पुस्तक केलं. त्याच पुस्तकात त्यानं स्वच्छ लिहिलंय की हा नुसता सांगाडा आहे, तो फार काटेकोर पाळू नये, तो प्रेक्षकाच्या डोळ्यांवर येता कामा नये आणि पायऱ्यांचा क्रम हा अनेक शक्य क्रमांपैकी फक्त एक आहे. ज्यानं पायऱ्या बांधल्या तोच हे म्हणतोय! मेसेज लिहिणाऱ्यानं ते पुस्तक उघडलं असतं तर पुढचं काही लिहावंच लागलं नसतं.

चोरीचं म्हणाल तर अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करते. कॅम्पबेलवर भारताचा मोठा प्रभाव होता, हाइनरिश झिमर या जर्मन अभ्यासकाची भारतीय कला आणि तत्त्वज्ञानावरची पुस्तकं त्यानंच संपादित केली, आणि त्याच्या स्वतःच्या पुस्तकात बुद्ध आहे, गुहेत झोपलेला मुचकुंद राजासुद्धा आहे. पण हे सगळं त्यानं नाव घेऊन सांगितलंय. नाव घेऊन सांगितलेल्याला चोरी कशी म्हणायची?

आता अर्जुन, कारण भाचीला पटलं ते इथेच. गीता येते भीष्मपर्वात, म्हणजे अठरापैकी सहाव्या पर्वात. तोवर द्यूत झालंय, बारा वर्षांचा वनवास आणि एक वर्षाचा अज्ञातवास झालाय, किराताच्या रूपातल्या शंकराशी झुंजून अर्जुनानं पाशुपतास्त्र मिळवलंय, विराटाच्या गाई सोडवताना याच कौरवांना एकट्यानं पळवून लावलंय. मेसेजच्या हिशेबात बक्षीस मिळणं ही नववी पायरी, आणि इथे ते तिसऱ्या पर्वात मिळून गेलंय, 'तिसऱ्या पायरीचा' नकार येतो सहाव्यात! आणि तो नकार म्हणजे घर सोडायला घाबरलेल्या पोराची टाळाटाळ नाहीये. सगळं कमावलेला, सगळं येत असलेला योद्धा समोर आजोबा आणि गुरू दिसल्यावर धनुष्य खाली ठेवतो. त्याचं वजन आधीच्या पाच पर्वांनी तयार केलंय म्हणून ते आपल्या छातीवर येतं. तो प्रसंग उचलून सुरुवातीला ठेवा, काय उरतं सांगा.

शेवटही बघा. पायऱ्यांप्रमाणे शेवटी नायकानं अमृत घेऊन परत यायचं असतं. मौसलपर्वात हाच अर्जुन द्वारकेतल्या बायकामुलांना घेऊन निघतो, वाटेत आभीर लुटारू पडतात आणि त्याला अस्त्रं आठवत नाहीत, गांडीव वाकवताना हात थकतात, डोळ्यांदेखत बायका पळवल्या जातात. ज्याला हे 12 खणांच्या तक्त्यात बसवायचंय त्याला हे पान फाडूनच टाकावं लागेल. माझा राग त्यावर आहे. महाभारताचा अभिमान म्हणून लिहायचं आणि त्यातलं सगळ्यात हलवून टाकणारं तेच कापायचं.

भरतमुनींचं सांगते, कारण नाट्यशास्त्राचं नाव घेतलं की लोक लगेच गप्प बसतात. तिथे कार्याच्या, म्हणजे नायकाचं काम सुरू होण्यापासून फळ मिळेपर्यंतच्या, अवस्था पाच आहेत: प्रारंभ, प्रयत्न, प्राप्तिसंभव, नियतफलप्राप्ती, फलयोग. आणि संधी, म्हणजे कथानकाचे भाग, तेही पाच: मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श, निर्वहण. पण पुढचं कुणी सांगत नाही, की या पाचही संधी नाटक आणि प्रकरण या मोठ्या प्रकारांसाठी आहेत, बाकीच्यांना कमी चालतात, आणि भाण, म्हणजे एकाच नटानं करायचा प्रकार, त्याला मुख आणि निर्वहण या दोनच पुरतात. म्हणजे लहान रूपाला मोठ्या रूपाचे कपडे घालायचे नाहीत हे भरतालाही माहीत होतं. वीस मिनिटं, एक घर, एक बाई... कळतंय ना?

सिनेमा चालण्याच्या गॅरंटीवर जास्त वेळ घालवत नाही. याच पायऱ्यांवर लिहून पडलेले सिनेमे या मेसेजवाल्यांनी कधी मोजलेच नाहीत.

आता शेवटचा मुद्दा, ज्यानं खरं नुकसान केलंय. नायक निघाला पाहिजे, बदलला पाहिजे. खुलभर दुधाची कहाणी आठवा, श्रावणी सोमवारची, माझ्या आजीनं मला आणि मी या पोरीला सांगितलेली. राजाचा हुकूम, गावातलं सगळं दूध महादेवाच्या गाभाऱ्यात घालायचं. लोक घराघरांतून पोराबाळांच्या, वासरांच्या तोंडचं दूध आणून ओततात, गाभारा भरत नाही. एक म्हातारी आधी मुलांना खाऊ घालते, वासरांना पाजते, घरातल्यांचं मन शांत करते, आणि उरलेलं खुलभर दूध घेऊन जाते. गाभारा भरतो. म्हातारी कुठे प्रवासाला निघत नाही, तिला कुणी गुरू भेटत नाही, ती पहिल्या वाक्यात जशी आहे तशीच शेवटच्या वाक्यात आहे. बदलतो तो राजा, बदलतं ते गाव. ही गोष्ट नाही म्हणायचं? ही आपल्या मातीतली पुराणकथेचीच रचना आहे आणि ती घरात राहणाऱ्या बाईच्या पाठीवर उभी आहे.

गंमत नाही, दुःख वाटतं, की बायकांना या तक्त्यात जागा नाही हे 1981 मध्येच मॉरीन मर्डॉक या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ लेखिकेच्या लक्षात आलं होतं. तिनं कॅम्पबेललाच विचारलं, तर तो म्हणाला की बाईला हा प्रवास करायची गरजच नाही, लोक जिथं पोचायला बघतात ती जागा म्हणजे तीच. मर्डॉकला ते पटलं नाही, तिनं 1990 मध्ये बायकांच्या प्रवासावर वेगळं पुस्तक लिहिलं. म्हणजे एकानं बाईला ठिकाण करून बसवलं आणि आपला मेसेज तिला पुरुषाच्या रस्त्यावर ढकलतोय, पण ती स्वयंपाकघरात बसून काय करतेय ते कुणालाच बघायचं नाहीये.

पायऱ्या पूर्ण टाकून दे असं मी भाचीला म्हटलं नाही. मधला भाग अडला, सीन पुढे सरकेना, तर त्या उघडून बघाव्यात, कधीकधी कुठे हवा गळतेय ते कळतं. पण लिहून झाल्यावर, आधी नाही.

काल तिला जुना ड्राफ्ट परत पाठवला, माझ्या मेलमध्ये होता. वर एवढंच लिहिलं की रिक्षावाल्याला काढ, आणि तो जेवणाचा सीन आहे ना, ज्यात दीर दुसऱ्यांदा भात मागतो आणि सहीचं बोलायचं विसरतो, तो अजून थोडा लांबव.