गड्डा उठला की कात्री काढा

काल संध्याकाळी साडेपाच वाजता गच्चीची फरशी अजून चटके देत होती आणि मी मोगऱ्याच्या कळ्या खुडत होतो. खालून दोस्ताची हाक आली, "काय करूलालास बे उन्हात?" ओंजळ खाली करून दाखवली तर म्हणतो, "तुझं बरंय. आमच्याकडं सगळं करपलं की. सोलापुरात उन्हाळ्यात काय फुलतंय बे, डोस्कं?"

हे वाक्य मी दर वर्षी ऐकतो, म्हणून आज लिहायला बसलोय. मला विचाराल तर यात उन्हाचा दोष थोडा आणि आपल्या खरेदीचा जास्त. मीही त्यातून गेलोय. काही वर्षांपूर्वी मार्चच्या पहिल्या आठवड्यात एका नर्सरीतून बारा पिटुनिया आणले होते. जांभळे, गुलाबी, पांढरे. विकणारा म्हणाला, उन्हाळाभर फुलं बघा साहेब. पाडव्याला फांद्या लोंबायला लागल्या, हनुमान जयंतीला बारा रिकाम्या कुंड्या. पिटुनिया, पॅन्सी, डेलिया ही आपल्याकडे थंडीची पाहुणी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावायची, फेब्रुवारीपर्यंत डोळे भरून बघायची आणि मार्चमध्ये हात जोडून निरोप द्यायचा. मार्चमध्ये ती विकत घेणं म्हणजे लग्न लागून गेल्यावर आहेर घेऊन जाणं.

गोंधळ होतो तो त्या 'वसंतात लावा' सांगणाऱ्या व्हिडिओंमुळे. त्यांचा वसंत बर्फ वितळल्यावर येतो. आपल्या पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखाचा, आणि सोलापुरात चैत्र म्हणजे चाळिशी गाठणं, वैशाख म्हणजे ४३. त्या दिवसांत नवीन रोप लावायचं नसतं. आधीच मुळं धरून बसलेलं रोप तेव्हा फुलतं. म्हणजे मे महिन्याची बाग जानेवारीत करावी लागते. माझा हिशोब सोपा आहे: संक्रांतीची सिद्धेश्वराची यात्रा झाली, गड्डा (यात्रेतली जत्रा) उठला, की छाटणीची कात्री काढायची.

मोगऱ्याची कळी नव्या फुटीवर येते. जुन्या काडीवर पानं येतील, झुडूप हिरवंगार दिसेल, पण फुलांच्या नावानं शंख. आमच्या डाळिंबवाल्यांना हे शिकवावं लागत नाही. आंबे बहार (जानेवारी-फेब्रुवारीत डाळिंबाला आणायचा फुलोरा) धरायचा तर आधी पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, पानगळ करायची, मग छाटणी, खत, पाणी. अख्ख्या जिल्ह्याला पाठ असलेली ही गोष्ट आपण दारच्या मोगऱ्याला लावत नाही, कारण तो लाडाचा. रोज पाणी, रोज पाणी. मी जानेवारीच्या शेवटी कुंडीतल्या मोगऱ्याचं पाणी आठ-दहा दिवस बंद ठेवतो. पानं मलूल होतात. मग निम्म्यापर्यंत छाटतो, उरलेली पानं हातानं ओरबाडून काढतो, वरची माती उकरून दोन मुठी कुजलेलं शेणखत घालतो आणि पोटभर पाणी देतो. पहिल्या वर्षी त्या बोडक्या काड्या बघून बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. मार्चच्या शेवटी पहिला गजरा झाला तेव्हा बोलली. (तोपर्यंत बोललीच नाही असं नाही, पण मोगऱ्याविषयी नाही.)

आता पाणी. या गावात फुलांवर लिहायचं आणि पाण्यावर नाही, असं कसं होईल? उजनी धरण ११७ टीएमसीचं (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट), पण त्यातला जवळपास ६३ टीएमसी साठा मृत, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेला. म्हणून उन्हाळ्यात 'उजनी मायनसमध्ये' ही बातमी आली की आधी टाकीकडे आणि मग कुंड्यांकडे बघितलं जातं. नळ काही रोज येत नाही. अशात चाळीस कुंड्या ठेवणं लोकांना पाप वाटतं, आणि मला ते पटतं. म्हणून बादल्या ओतणं मी सोडून दिलं.

झाडं मरतात ती पाणी कमी पडून, असं वाटतं ना? माझी निम्मी पाणी घालूनही मेली होती. कारण मजेशीर आहे. आपली काळी माती नुसती कुंडीत भरली की एप्रिलमध्ये आक्रसते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते, बोटभर फट पडते. तुम्ही तांब्याभर पाणी ओतता, ते त्या फटीतून सरळ खाली जातं आणि भोकातून बाहेर येतं. आपण समजतो झाड प्यालं. बोट खुपसून बघा, मधला गोळा विटेसारखा कोरडा. काळ्या मातीत निम्मं शेणखत आणि कोकोपीट मिसळलं की हे थांबतं. वर चार बोटं उसाच्या पाचटाचा थर. हा साखर कारखान्यांचा जिल्हा, पाचट फुकट मिळतं, आणि लोक ते पेटवून देतात.

मोठ्या कुंड्यांत आणि दारातल्या पट्ट्यात मी जुने माठ गळ्यापर्यंत पुरलेत. पाणी थंड करायचे बंद झालेले नव्हेत, ते झिरपत नाहीत. झिरपणारे हवेत. दोन-तीन दिवसांनी भरायचा, वर खापर ठेवायचं. माती वरून कोरडी, आत मुळं माठाला मिठी मारून बसलेली. गेल्या वर्षी एक माठ फुटला म्हणून उकरला तर त्याच्या पोटाला पांढऱ्या मुळांची जाळी अशी चिकटलेली, जणू कुणी टोपडं विणून घातलंय.

आणि कूलरचं उरलेलं पाणी झाडांना घालू नका, कळकळीनं सांगतो. दिवसभर पाणी उडून जातं आणि क्षार तळाला राहतात. बोअरचं पाणी आधीच जड, त्यात हे. कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसतो तो त्याचाच. मग कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या राहतात. लोकांना वाटतं खत कमी पडलं, आणखी युरिया टाकतात. मातीत लोह असतंच, पण अशा मातीत मुळांना ते उचलता येत नाही. लिटरभर पाण्यात दोन-तीन ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून, चार थेंब लिंबू पिळून संध्याकाळी पानांवर फवारा. आठ-दहा दिवसांनी पुन्हा. एसीचं पाणी मात्र चालतं, ते जवळपास पावसासारखंच.

मोगरा सोडून काय लावायचं? सदाफुलीला विचारावं लागत नाही. गुलबक्षी एकदा लावली की कंद जमिनीत राहतो, दुपार कलली की उघडते. ऑफिसटाइम (पोर्चुलाका) उथळ परडीतही चालतं, सूर्य वर आल्याशिवाय डोळा उघडत नाही, नाव कुणी ठेवलं त्याला सलाम. जास्वंदीवर पांढरा पिठ्या ढेकूण येतो, म्हणून मी एकच ठेवलीय, गणपतीपुरती.

पण माझा खरा जीव अबोलीवर. तिला ऊन लागतं, मात्र दुपारी बारानंतर थोडी सावली दिली तर रंग उतरत नाही. तिच्या वाळलेल्या कणसातली बोंडं ओल्या तळहातावर ठेवून बघा. पाच-दहा सेकंद काही होत नाही, मग 'टक्' करून फुटतात आणि बी दूर उडतं. नातवंडांना हा खेळ दाखवला तेव्हा एक बी माझ्या चष्म्यावर आपटलं. पहिला पाऊस पडला की झाड स्वतःच हा उद्योग करतं, म्हणून गच्चीच्या कोपऱ्यात कुठेही अबोली उगवते.

आमच्या पूर्व भागात या फुलांना तीन-तीन नावं. मी मोगरा म्हणतो, समोरच्या कानडी काकू मल्लिगे म्हणतात, शेजारच्या तेलुगू अव्वा मल्लेपुव्वू. अव्वांनी आयुष्यभर विड्या वळल्या, दिवसाला हजार. आता त्या बोटांना दुसरं काम नाही, म्हणून माझ्या कळ्या त्यांच्याकडे जातात. सुई नाही. केळीच्या सोपटाचा भिजवलेला दोरा, दोन कळ्या या बाजूला, दोन त्या बाजूला, बोटाला एक वळसा, फास. मध्येच अबोलीचा झुबका, मग मरव्याची काडी. मी एकदा घड्याळ लावून बघितलं, हातभर गजरा साडेचार मिनिटांत. मला तीन कळ्या बांधायला तेवढा वेळ लागला आणि चौथीला पहिली निसटली. "नुव्वु नीळ्ळु पोय्यि," म्हणाल्या. तू पाणी घाल, एवढंच तुझं काम.

कळी खुडायची तीही संध्याकाळी, पांढरी झालेली पण मिटलेली. रात्री घरात उमलते. सकाळी खुडाल तर उमललेलं फूल मिळेल, वास निम्मा गेलेला. जांभळट कळी दिसली तर आत अळी आहे, ती ओढून फेका, झाडाखाली टाकू नका. पानांच्या पाठीला बारीक जाळं दिसलं तर लाल कोळी. पहाटे पाण्याचा जोराचा फवारा पानांच्या खालून मारा, बहुतेक तेवढ्यानं जातो.

एक मागणी. माझ्याकडे केशरी अबोली भरपूर आहे, पिवळी नाही. अव्वांना पिवळी हवीय, त्यांच्या माहेरी होती म्हणे. कुणाकडे असेल तर बोंडं राखून ठेवा. बदल्यात हजारी मोगऱ्याची दाबकलमं देतो, सहा तयार आहेत. पण आत्ता मागू नका, या उन्हात रोप हलवलं तर गेलंच. जूनमध्ये, दोन चांगले पाऊस झाले की घेऊन जा.